स्टुलावरचा डबा

दारावर थाप पडली नाही, बेल वाजली नाही. स्टील लाकडावर टेकावं तेवढाच आवाज झाला आणि मग जिन्यावरून खाली जाणाऱ्या सपाता ऐकू आल्या. २५ मे २०२०, सोमवार. ईदची सुट्टी म्हणून मी घरी होते. कोरोनाच्या त्या दिवसांत आमच्या माझगावच्या इमारतीत प्रत्येक दाराबाहेर एक स्टूल आलं होतं. दूध, भाजी, औषधं, जे काही यायचं ते त्यावर ठेवून माणसं दोन पायऱ्या मागे सरायची. दार उघडलं तर कडीचा डबा, अजून गरम. झाकणाच्या कडेने ओघळलेल्या दुधाची पिवळसर रेघ वाळून गेली होती. रद्दीतल्या कागदात धरून मी तो आत आणला. उघडायच्या आधीच कळलं आत काय आहे ते. तुपात परतलेल्या शेवया, आटवलेलं दूध, खजूर, चारोळी. तळमजल्यावरच्या आपांचा शीरखुर्मा. या इमारतीत राहायला आल्यापासून एकवीस वर्षं दर ईदला येतो, तसाच आला होता.

मी तो मोरीत ओतला.

वरून तपेलंभर कढत पाणी सोडलं. दूध गेलं, शेवया गेल्या, खजुराचे तुकडे मात्र जाळीत अडकून बसले आणि पाणी तुंबलं. शेवटी ते हातानेच काढावे लागले. ज्याला हात लावायला नको म्हणून ओतलं, तेच बोटांनी उपसत मी मोरीत उकिडवी बसले होते. तुकडे मऊ झाले होते, रात्रभर दुधात भिजलेले, बिया काढून एकसारखे बारीक कापलेले. दुकानं बंद, हातगाड्या बंद, त्या दिवसांत एवढा खजूर त्यांनी कुठून मिळवला असेल? रोजा सोडायला जपून वापरला असेल आणि त्यातला आमच्यासाठी राखून ठेवला असेल. मागे आई उभी होती. ब्याऐंशी वर्षांची बाई, पानात भाताचं शीत राहिलं तरी बोलणारी. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. डबा मी तीनदा घासला आणि दुपारभर गॅलरीत उन्हात ठेवला. त्यावर नाव टोचलेलं आहे, आपांच्या आईचं, आणि खाली ‘रत्नागिरी, १९७८’. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, काही नाही तर चिमूटभर साखर घालायची, ही आमच्या घरची शिकवण. रिकामा देता येईना आणि भरून द्यावा तर कुठल्या तोंडाने? डबा ओट्याच्या कोपऱ्यात राहिला.

मनाची समजूत घालायला कारणं भरपूर होती. घरात म्हातारं माणूस, बाहेरचं काही खाऊ नका असं जो तो सांगतोय. पण आदल्याच रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाठवलेल्या कोथिंबीरवड्या आम्ही दोघींनी खाल्ल्या होत्या. त्याही स्टुलावरच आल्या होत्या, फडक्याखाली, गरम. काकूंचा मुलगा औषधांच्या दुकानात रोज कामाला जात होता. आपांच्या घरातून दोन महिन्यांत कुणी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मी हिशेबाची बाई आहे, तीस वर्षं बँकेत काढलीत. धोका मोजायचा म्हटला तर वड्या टाकायला हव्या होत्या आणि शीरखुर्मा ठेवायला हवा होता. हा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला, तो जुळत नाही. फरक कुठे आहे तेही मला माहीत आहे. एप्रिलभर फोनवर जे येत होतं, ते मी पाहत होते. फळांना थुंकी लावणाऱ्या माणसाचा तो व्हिडिओ आमच्या इमारतीच्या ग्रुपवर निदान चारदा आला. मी तो पुढे पाठवला नाही. हे खरं कशावरून, असंही विचारलं नाही. मग एक निरोप आला, ‘भाजी-फळं फक्त ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावीत.’ ‘ओळखीच्या’ म्हणजे काय, हे बावीस बिऱ्हाडांतल्या प्रत्येकाला कळलं होतं. आपाही त्या ग्रुपवर होत्या. निरोपाखाली त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं. ते हात मला नंतर खूप दिवस दिसत राहिले.

आणि त्याच्याही आधी त्यांचा फोन आला होता. मार्चच्या तीस तारखेला एक परिपत्रक निघालं, की या आजाराने गेलेल्या माणसाचं, मग तो कुठल्याही धर्माचा असो, दहनच करायचं. त्याच दिवशी ते बदललंही गेलं. पण मधल्या काही तासांत ते घराघरात पोचलं. आपांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. ‘ताई, तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला कागद वाचता येतो. नीट वाचून सांगा. आम्हाला माती मिळेल ना?’ मरणाची भीती नव्हती ती. तेवढी तर सगळ्यांनाच होती. मी कागद मिळवला, नंतरचा बदलही वाचला आणि फोन करून सांगितलं, मिळेल, मोठ्या कब्रस्तानात परवानगी आहे. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगताय म्हणजे झालं.’ पुन्हा खात्री करून घ्यायला त्यांनी दुसऱ्या कुणाला फोन केला नाही. पुढे २०२१च्या एप्रिलमध्ये माझा मामा कल्याणला गेला. पांढऱ्या पोशाखातल्या चार अनोळखी माणसांनी त्याला नेलं, घरच्यांना लांबूनच दिसलं. दहाव्याला पिंड ठेवला तेव्हा मामीने विचारलं, हे त्याला पोचेल का? मला आपांचा तो प्रश्न आठवला. दोघींचं विचारणं एकच होतं.

बँक बंद नव्हती. सकाळी रिकाम्या बेस्टमध्ये एकाआड एक सीटवर बसून आम्ही जायचो. शाखा मांडवीच्या तोंडाशी. एरवी तिथे हातगाडी, हमाल आणि मिरचीच्या पोत्यांतून वाट काढावी लागते. आता बंद शटर आणि मांजरं, आणि जुन्या मसाल्यांचा वास मात्र भिंतींतून येतच होता. एप्रिलमध्ये जनधन खात्यांत बायकांचे पाचशे रुपये जमा झाले आणि रांग लागली. फुटपाथवर चुन्याने गोल आखलेले. ऊन चढलं की बायका सावलीला जायच्या आणि गोलात आपल्या चपला ठेवून जायच्या. चपलांची ती रांग पुढे सरकवायची कामगिरी ज्या बाईची पाळी असेल तिची. त्यात भय्यांच्या बायका होत्या, डोंगरीच्या बुरखेवाल्या, सोलापूरकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या. एकमेकींच्या चपलांना कुणी धक्का लावत नव्हतं. काउंटरवर मी प्रत्येकीला सांगायची, पैसे खात्यातच राहतील, सगळे आजच काढायची घाई नको. प्रत्येक जण मान हलवायची आणि पाचशेच्या पाचशे काढायची. नाही काढले तर सरकार परत घेतं, असं वस्तीत कुणीतरी सांगितलं होतं. सुरुवातीला मला राग यायचा. मग एका म्हातारीने शांतपणे विचारलं, ‘बाई, नोटा बंद झाल्या तेव्हाही तुम्हीच होता ना खिडकीत?’ होते. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या त्या रांगांमध्ये काचेच्या अलीकडे मीच होते. त्यानंतर मी कुणालाच घाई नको असं सांगितलं नाही. नोट मोजून द्यायची, बस.

आमचे एक पेन्शनर गोदीतून निवृत्त झालेले. पैसे घ्यायला आले, मी नोटा मोजून पुढे केल्या, तर हात मागे घेऊन म्हणाले, ‘तुमच्या हातच्या नकोत. मशीनमधल्या घेतो.’ बाहेर जाऊन त्यांनी एटीएममधून पैसे काढले, सॅनिटायझर मारला, खिशात घातले. त्या एटीएममध्ये कॅश त्याच सकाळी मी भरली होती, याच हातांनी. मला वाईट वाटलं, आणि तरीही त्यांचा हिशेब मला समजत होता. मशीनला चेहरा नसतो. इमारतीतही माझं तेच झालं होतं. मी रोज बाहेर जाते, नोटा हाताळते, हे सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी जिना चढताना एकेक दार लोटलं जायचं. पहिल्या मजल्यावरचं पोर ‘बँकवाल्या आजी आल्या’ म्हणत आत पळायचं. पायाखालच्या पायऱ्या ओल्या असायच्या, कारण मी वर गेले की मागून कुणीतरी फिनेल ओतायचं. रोज त्या वासातून वर जाताना घशात काहीतरी दाटून यायचं. ज्या बाईला हे रोज सोसावं लागत होतं, तिनेच तो डबा मोरीत ओतला. हे लिहिताना आजही हात थांबतो.

आईला मी एकदा म्हटलं, असले दिवस कुणी पाहिले नसतील. ती म्हणाली, ‘माझ्या आजीने पाहिले होते की.’ आजी सातारा भागातली. प्लेगात घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलून माळावर जायचं, झोपड्या घालून राहायचं, गाव ओस. माळावर सुद्धा वाडे वेगळे ते वेगळेच राहायचे, पण चूल पेटवायला विस्तव कुणाकडूनही आणायचे म्हणे, कारण काडेपेटी कुणाकडेच नसायची. आईची ही गोष्ट ऐकली आणि रोजच्या रस्त्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. माझ्या शाखेच्या आसपास, याच मांडवीत, सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरने रोग्यांची गाठ पाहून हा प्लेग आहे असं सांगितलं. त्यांचा पुतळा मेट्रो सिनेमाजवळ आहे, हजारदा त्याच्या समोरून गेले असेन. त्यानंतर जे झालं ते वाचताना मला सारखं आमच्या ग्रुपची आठवण यायची. इस्पितळात माणसं मारतात, त्यांच्या अंगातून औषध काढतात, अशी अफवा. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. दीड वर्षाने, मार्च १८९८मध्ये, मदनपुऱ्यात आजारी मुलीला न्यायला आलेलं पथक मुसलमान विणकरांनी अडवलं आणि दंगल पेटली. आर्थर रोडला गेलेले बहुतेक आमच्या घाटाकोकणातले असणार, मदनपुऱ्यातले उत्तरेकडून आलेले. एकमेकांचं पाणी न पिणारे हे लोक, पण गोऱ्या साहेबाच्या हाताची भीती दोघांना सारखीच वाटली. आपल्या माणसाला कुठे नेतात, तिथे त्याला कोण शिवणार, कोण पाणी पाजणार, मेला तर काय करणार? जनरल गॅटेकरच्या प्लेग कमिटीच्या काळात जातीजमातींना आपापली इस्पितळं उघडू दिली गेली, तेव्हा कुठे लोक थोडे सैल झाले. खाटा तशाच, रोगही तोच. उशाशी बसणारा माणूस तेवढा ओळखीचा होता.

पुन्हा तोच शब्द आला. ओळखीचा.

भाची स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असते. त्या उन्हाळ्यात तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी चकितच झाले. तिच्या मागे खिडकीतून रस्ता दिसत होता, माणसं चालत होती, तोंडाला काही नाही. लहान मुलांच्या शाळा चालू. मी विचारलं, पोलीस नाहीत? दंड नाही? ‘नाही गं मावशी. सांगितलंय ना, की अंतर ठेवा, बरं नसेल तर घरी थांबा. मग लोक थांबतात.’ सांगितलंय ना! माझ्या आयुष्यात सरकारी सूचनेबद्दल हे शब्द असे कुणी सहज उच्चारलेले मी ऐकले नव्हते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पुढे तिलाच नऊ दिवस ताप होता. ११७७ या तिथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन लावला, नर्सने सगळं विचारलं, काय करायचं ते सांगितलं, पुन्हा लावला तर पुन्हा सांगितलं. त्या नऊ दिवसांत शेजारच्या एकाही दारातून कुणी आलं नाही. दोन वर्षं राहतेय तिथे. ‘वाईट माणसं नाहीत ती,’ भाची म्हणाली, ‘मला त्रास देऊ नये म्हणून येत नाहीत.’ मला ते ऐकून पोटात खड्डा पडला, तिला मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याच देशात वृद्धाश्रमांत १ एप्रिलपासून कुणाला भेटायला जायची बंदी होती, ती १ ऑक्टोबरला उठली, आणि तरीही त्या आश्रमांत कितीतरी म्हातारी माणसं गेली. डिसेंबरात त्यांचा राजा उघडपणे म्हणाला की आपण अपयशी ठरलो. भाचीने ते मला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तिचा आवाज कापत होता, जणू घरातलंच कुणी खोटं बोलताना सापडलं होतं. आमच्याकडे सूचनेवर कोण विसंबतं? आम्ही विचारतो, कुणाची ओळख आहे का? २०२१च्या एप्रिलमध्ये मामासाठी खाट शोधताना माझ्या फोनवर रात्री दोन वाजता ज्यांचे आवाज होते, ते सगळे कुणाचा तरी मेहुणा, कुणाच्या तरी शाळेतली मैत्रीण. ती ओळख नसती तर मिळाले तेवढेही श्वास मामाला मिळाले नसते. आणि त्याच शब्दाने भाजीवाल्याची गाडी आमच्या फाटकातून परत पाठवली होती. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक धरून दुसरं सोडता येत नाही.

पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस सुरू झाली त्या एप्रिलात मी घेतली. दुसऱ्या दिवशी जिन्यात आपा भेटल्या. वर्षभरात एवढ्या जवळ पहिल्यांदाच, दोन पायऱ्यांच्या अंतरावर, दोघींच्या तोंडाला मास्क. त्यांनी दंडाकडे पाहिलं. ‘दुखतंय? ताप आला? खरं सांगा हं ताई, मला घ्यायचीय, पण घरात सगळे घाबरवतायत.’ मी बाही वर करून जागा दाखवली. त्यांनी बोट न लावता अगदी वाकून पाहिली. १८९७च्या जानेवारीत हाफकिनसाहेबाने भायखळ्याला केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरी लोक घ्यायला धजेनात, तेव्हा इस्माइली खोजांचे त्या वेळचे तरुण प्रमुख आगाखान चारचौघांसमोर टोचून घ्यायला पुढे झाले, आपल्या जमातीने पाहावं म्हणून. त्यांच्या आजोबांचा मकबरा आमच्या इथे हसनाबादला आहे, आईला घेऊन मी त्याच रस्त्याने दवाखान्यात जाते. कागदावरचे आकडे कुणाला पटले नव्हते, दंड पटला. आपा म्हणाल्या, ‘तुम्ही घेतलीत म्हणजे झालं.’ हे वाक्य दुसऱ्यांदा. मला खाली पाहावं लागलं. त्यांनी त्याच आठवड्यात लस घेतली.

१४ मे २०२१. त्या वर्षी ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली. चैत्रगौरीचा शेवटचा दिवस, आमच्याकडे आंबेडाळ. शहर पुन्हा बंद होतं, रात्रभर रुग्णवाहिका ऐकू येत होत्या. मामा जाऊन महिनाही झाला नव्हता, सुतक संपलं असलं तरी सणाचं मन नव्हतं. तरी आईने हरभऱ्याची डाळ भिजत घातली. मी कैरी किसली, डाळ भरड वाटली, हिंग-मोहरीची फोडणी ओतली आणि ओट्याच्या कोपऱ्यातला डबा काढला. स्टुलावर ठेवून यायचं नाही, एवढं ठरवलं होतं. खाली गेले, बेल वाजवली. दार उघडलं तसं सगळं एका दमात सांगून टाकलं. डबा गेल्या ईदचा आहे, शीरखुर्मा आम्ही खाल्ला नाही, मी मोरीत ओतला. विषाणूचं कारण जिभेवर आलं होतं, ते गिळलं. काकूंच्या वड्यांचंही सांगितलं.

आपा बराच वेळ दाराच्या कडीला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘गेल्या अक्षय्य तृतीयेला तुम्ही हेच पाठवलं होतं. आंबेडाळ आणि पन्हं. रोजे सुरू झाले होते. मी पण टाकलं, ताई. तुम्ही बँकेत जात होता ना.’

मला एकदम हलकं वाटलं. फिटंफाट झाली असं वाटलं, आणि तेवढ्यात ते हलकेपण मला आवडेनासंही झालं. त्यांनी माझी डाळ टाकली ती मी दिवसभर नोटा हाताळत होते म्हणून. मी त्यांचा शीरखुर्मा का टाकला, हे मी त्यांना आत्ताच सांगितलं होतं, आणि त्यांना ते समजलंही होतं. दोन्ही मोरीतच गेलं, पण ते एक नव्हे. हे त्याही जाणत होत्या. डोळ्यांत पाणी होतं की नाही सांगता येत नाही, मास्कच्या वर नुसते डोळे असले की काही कळत नाही.

त्यांनी डबा घेतला. टोचलेल्या नावावरून ओढणीच्या टोकाने हात फिरवला. मग तिथेच उंबऱ्यात उभ्या राहून कडी काढली, झाकण उघडलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि बोटांच्या चिमटीत डाळ घेऊन तोंडात टाकली. मी पाहत होते. त्यांनी सावकाश चावून गिळली.

‘मीठ कमी पडलंय, ताई.’